घर पाहावं बांधून : एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, एक प्रकरण अभ्यास

जी.डी.सी. अँड ए. या सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेच्या परीक्षेला बसलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सहकाराचं जन्मगाव रॉशडेल सांगता येतं. १८४४, टोड लेनवरचं दुकान, २८ सभासद, एक सभासद एक मत. पंचवीस वर्षं पतसंस्थांची दप्तरं तपासूनही हे गाव नकाशावर कुठं आहे, ते मी कधी पाहिलं नव्हतं. मुलगी नोकरीनिमित्त मँचेस्टरला गेली तेव्हा कळलं, की ते तिथून वीसेक किलोमीटरवर आहे आणि तिथली माणसं त्याला रॉचडेल म्हणतात. म्हणजे उच्चारापासूनच अभ्यास कच्चा.

टोड लेनचं म्युझियम पाहून परत येताना जावई म्हणाले, “बाबा, तिथला सहकार काचेच्या कपाटात आहे. चालताबोलता बघायचा असेल तर शनिवारी माझ्याबरोबर मॅचला चला.”

मॅच होती एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टरची. टीव्हीवर दिसतो तो मँचेस्टर युनायटेड वेगळा. हा त्याच्यातूनच २००५मध्ये फुटून निघालेल्या प्रेक्षकांचा क्लब. सभासदांच्या मालकीचा, निवडून आलेल्या मंडळाचा, नफावाटप नसलेला. मी गेलो तेव्हा तो इंग्लंडच्या फुटबॉल-उतरंडीत सातव्या पायरीवर, नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या प्रीमियर विभागात खेळत होता. वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब असतात आणि त्याखालच्या सगळ्यांना ‘नॉन-लीग’ म्हणतात. नाव फसवं आहे. खाली लीगच लीग आहेत, विभागामागून विभाग, आणि दरवर्षी वरच्यांनी चढायचं, तळाच्यांनी उतरायचं हा नियम तिथंही तितकाच कडक.

फुटबॉल मला बेताचाच कळतो. जे पाहिलं आणि नंतर खोदून खोदून वाचलं, ते लेखापरीक्षकाच्या नजरेनं. तेव्हा गोलांपेक्षा ठरावांकडे माझं लक्ष जास्त गेलं असेल, तर तो सवयीचा दोष.

शनिवार, दुपारी तीन

मैदानाचं नाव ब्रॉडहर्स्ट पार्क. मँचेस्टरच्या ईशान्येला मोस्टन नावाचा कामगारवस्तीचा भाग आहे, लाल विटांच्या चिकटून चिकटून उभ्या घरांचा. त्या घरांमधून चालताना अचानक फ्लडलाइटचे खांब दिसायला लागतात. रिमझिम होती. तिथल्या लोकांनी ती पाऊस म्हणून मोजलीच नाही.

मॅच तीनची, पण माणसं एक वाजल्यापासून जमत होती. स्टँडखालच्या हॉलमध्ये मॅचआधी ‘कोर्स यू कॅन माल्कम’ नावाची मैफल असते. कधी स्थानिक बँड, कधी कविता. नावातला माल्कम कोण, ते पुढं येईलच. आम्ही गेलो तेव्हा एक बाई माइकवर कविता वाचत होती आणि लोक बिअर हातात धरून, गप्प राहून ऐकत होते. फुटबॉलच्या मैदानावर कवितेला शांतता मिळते हे मी घरी फोन करून सांगितलं, तर कुणाचा विश्वास बसेना.

फाटकावर तिकीट बघणारा माणूस, पुस्तिका विकणारी मुलगी, कठड्याला झेंडे बांधणारे दोन म्हातारे हे सगळे स्वयंसेवक. आत खेळाडूंचा वेश जुन्या युनायटेडचाच : लाल शर्ट, पांढरी चड्डी, काळे मोजे. पण शर्टाच्या छातीवर कुठल्याही कंपनीचं नाव नाही, फक्त शिडांच्या जहाजाचं बोधचिन्ह. मँचेस्टर शहराच्या राजचिन्हावर जे जहाज आहे त्यावरून घेतलेलं. प्रायोजकाचं नाव शर्टावर नको, हे स्थापनेच्या जाहीरनाम्यातच आहे. किती पैसे सोडले असतील याचा हिशेब मी मनात मांडायला लागलो आणि मग सोडून दिला.

गोलपोस्टमागच्या उभ्यानं बघायच्या स्टँडला ते सेंट मेरीज रोड एंड म्हणतात. तिथं आम्ही उभे राहिलो. लोखंडी कठडा गार पडला होता. जावयांनी पायाखालच्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं. त्या नव्या नव्हत्या. नॉर्थविच व्हिक्टोरिया नावाच्या क्लबचं मैदान गेलं, तेव्हा तिथला हा सांगाडा विकत घेऊन इथं आणून उभारला. आपल्याकडे जुना वाडा पाडला की सागवानी तुळया दुसऱ्याच्या घराला लागतात, तसं. एका क्लबची मोडकी पायरी दुसऱ्याच्या कामाला आली. पायरीच्या कडेला आधीच्या रंगाचा एक पोपडा अजून होता. मी तो नखानं खरवडून पाहिला.

नव्वद मिनिटं गाणी थांबली नाहीत. सामन्यात काय चाललंय याच्याशी गाण्यांचा फारसा संबंध नव्हता.

बोजा

आता माल्कम. मे २००५मध्ये अमेरिकेच्या माल्कम ग्लेझर यांनी मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांच्या भावानं ताब्यात घेतला. त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा होता आणि ते कर्ज शेवटी क्लबच्याच डोक्यावर बसलं. तोवर या क्लबवर कर्ज नव्हतं. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर शेत विकत घ्यायला काढलेल्या कर्जाचा बोजा त्याच शेतावर चढवला, आणि फेडायचा शेतानंच पिकवून. प्रेक्षकांच्या तिकिटातून, असं प्रेक्षकांना वाटलं. ते चुकीचं नव्हतं.

बहुतेकांनी निषेध केला आणि पुढच्या हंगामाचं तिकीट काढलं. काही हजारांनी नाही काढलं. त्याच उन्हाळ्यात त्यांनी सभा घेतल्या, संस्था नोंदवली, मंडळ निवडलं, नाव मतदानानं ठरवलं. ‘एएफसी मँचेस्टर १८७८’ हा एक पर्याय होता. १८७८ हे न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी ज्या वर्षी क्लब काढला ते साल; तोच पुढं १९०२मध्ये मँचेस्टर युनायटेड झाला. जिंकलं ते एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर.

खेळाडूच नव्हते. निवड चाचणीसाठी नऊशेच्या आसपास अर्ज आले. कार्ल मार्जिनसन प्रशिक्षक झाले. पहिली काही वर्षं ते पहाटे भाजी-फळं पोचवण्याचं काम करून मग सरावाला यायचे. १६ जुलै २००५ला ली आरएमआय या क्लबशी पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला, ०-०. अडीच हजारांवर लोक आले आणि शेवटची शिट्टी वाजताच मैदानात उतरले. गोल नसलेल्या सामन्यात खेळाडूंना खांद्यावर घेणं हे एरवी वेडगळपणाचं लक्षण. पण त्या दिवशी त्यांचं जिंकणं-हरणं दुसरीकडेच ठरलेलं होतं.

संस्थेची नोंदणी इंडस्ट्रियल अँड प्रॉव्हिडंट सोसायटी म्हणून झाली. आपल्या १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्थेची ही चुलत बहीण समजा, आणि दोघींची आजी टोड लेनची. सभासदाला मत एकच. भाग, म्हणजे शेअर, बाजारात विकता येत नाही, त्याची किंमत वाढत नाही. कुणी एक भाग घेतला काय किंवा हजार घेतले काय, सभेत हात एकच वर होतो.

चढण

सुरुवात थेट दहाव्या पायरीवर, नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगच्या दुसऱ्या विभागात. पहिला सामना १३ ऑगस्ट २००५ला लीक सीएसओबीशी, ५-२ असा जिंकला. ज्या विभागात शंभर माणसं आली तरी चांगली गर्दी म्हणतात, तिथं या क्लबच्या घरच्या सामन्यांची पहिल्या हंगामातली सरासरी ३,०५९ होती. एप्रिल २००६मध्ये ग्रेट हारवुड टाउनविरुद्ध ६,०२३. समोरच्या संघांची त्यामुळं चंगळ झाली. एफसी पाहुणा म्हणून आला की यजमानाच्या गल्ल्यात वर्षाची कमाई पडायची. या उपकाराचा उल्लेख फारसा होत नाही.

२००६ला विजेतेपद, २००७ला वरच्या विभागात पुन्हा विजेतेपद, २००८ला नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या पहिल्या विभागात प्लेऑफच्या, म्हणजे बढतीसाठीच्या बाद फेरीच्या, अंतिम सामन्यात स्केल्मर्सडेलला ४-१ हरवून तिसरी बढती. तीन वर्षांत तीन पायऱ्या. या काळात गोलांचा पाऊस पाडणारा रोरी पॅटरसन पुढं २०१०मध्ये उत्तर आयर्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळला.

मग सातव्या पायरीवर गाडी अडली. २०११, २०१२, २०१३ अशी सलग तीन वर्षं प्लेऑफचा अंतिम सामना हरले : कोल्विन बे, ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यू, हेड्न्सफर्ड टाउन. चौथ्या वर्षी उपांत्य फेरीतच ॲश्टन युनायटेडकडून.

२००९चा एक निर्णय मात्र लेखापरीक्षकाला मोह घालणारा आहे. हंगामाच्या तिकिटाचा ठरलेला दर काढून टाकला. किमान ९० पौंड द्या, वर ज्याला जे परवडेल ते. आधीचा दर १४० होता. आमच्याकडे कुणी असा ठराव मांडला असता तर मी शेरा मारला असता. प्रत्यक्षात लोकांनी सरासरी आधीच्या दरापेक्षा जास्त दिले. हे एका वर्षाचं उदाहरण. सगळ्या संस्थांना लावायला जाऊ नका. ज्यांनी कर्ज काढून आलेल्या मालकाविरुद्ध बंडाळी केली आहे, त्यांचं मन तेव्हा वेगळ्या पातळीवर असतं.

५ नोव्हेंबर २०१०

वरखालच्या पायऱ्यांवरचे क्लब एकत्र खेळतात त्या एफए कपच्या पहिल्या मुख्य फेरीत चिठ्ठी निघाली ती रॉचडेलची. तेच रॉचडेल. तो क्लब तिसऱ्या पायरीवर होता, हे सातव्या. शुक्रवारची रात्र, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, गाय फॉक्सच्या फटाक्यांचा दिवस. प्लॅट आणि कॉट्रेल यांच्या गोलांनी पाहुणे २-० पुढं गेले. रॉचडेलनं दोन्ही फेडले. भरपाईच्या वेळेत गोलरक्षकाच्या हातातून चेंडू सुटला, की माइक नॉर्टननं तो सोडवला, यावर वाद आहे. मी ती चित्रफीत सहा वेळा पाहिली आणि माझं मत नॉर्टनच्या विरोधात आहे. पंचाचं नव्हतं. ३-२.

पुढच्या फेरीत त्या हंगामात तिसऱ्या पायरीचं विजेतेपद मिळवणाऱ्या ब्रायटनला त्यांच्याच मैदानावर १-१ रोखलं. शेवटच्या मिनिटांत सॅम ॲश्टननं पेनल्टी अडवली. परतीच्या सामन्यात ब्रायटननं ४-० असा हिशेब चुकता केला, पण त्या रात्री गिग लेनवर, म्हणजे तेव्हाच्या घरच्या मैदानावर, ६,७३१ माणसं होती. क्लबच्या इतिहासातली सर्वात मोठी गर्दी, आणि ती भाड्याच्या घरात.

घर

गिग लेन हे बेरी फुटबॉल क्लबचं मैदान. एफसी तिथं २००५पासून नऊ वर्षं भाडेकरू होता. दर सामन्याला भाडं, बारचं उत्पन्न मालकाचं, आणि मँचेस्टरच्या नावाचा क्लब दुसऱ्याच गावात. स्वतःचं मैदान हवं हे सगळ्यांनाच मान्य होतं. न्यूटन हीथमधली टेन एकर्स लेनची जागा ठरली. जिथं मूळ युनायटेड जन्मला तोच भाग, म्हणजे भावनिकदृष्ट्या सोन्यासारखी. २०११मध्ये महापालिकेनं खर्चकपातीत हात काढून घेतला. मग मोस्टनची जागा पुढं आली. तिथल्या काही रहिवाशांनी खेळाचं मोकळं मैदान जातं म्हणून विरोध केला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. त्यांचा मुद्दा मला अगदीच फेटाळण्यासारखा वाटत नाही. समाजासाठी म्हणून काढलेली संस्था ज्या समाजात जाते त्यालाही आधी विचारायचं असतं.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. बांधकाम २०१३च्या अखेरीस सुरू झालं आणि खर्च वाढत वाढत साठ लाख पौंडांच्या पलीकडं गेला. सामुदायिक भागांतून सुमारे २० लाख पौंड उभे राहिले. उरलेलं अनुदानं आणि कर्जं. मुदत हुकली, पुन्हा हुकली. २०१४-१५च्या हंगामात क्लब गिग लेन सोडून बसला होता आणि नवं घर तयार नव्हतं, म्हणून स्टॅलीब्रिजला आणि मग ॲश्टनला बिऱ्हाड. नेमक्या त्याच बेघर वर्षी ते विजेते झाले. २१ एप्रिल २०१५ला ग्रेग डॅनियल्सच्या एकमेव गोलावर स्टाउरब्रिजला हरवून सहाव्या पायरीवर, नॅशनल लीग नॉर्थमध्ये.

२९ मे २०१५ला ब्रॉडहर्स्ट पार्कचं उद्घाटन झालं, पाहुणा होता लिस्बनच्या बेन्फिकाचा संघ. तारीख मुद्दाम निवडलेली. २९ मे १९६८ला मँचेस्टर युनायटेडनं वेम्ब्लीवर बेन्फिकालाच ४-१ हरवून युरोपियन कप जिंकला होता. फुटून निघालेल्यांनी जुन्या घराचा सण पाळला. सामना मात्र १-० हरले.

आणि इथून आलेख खाली वळतो. मला या प्रकरणात सर्वात जास्त रस इथंच आहे, कारण क्लबवर लिहिणारे बरेच जण उद्घाटनाच्या फीतीपाशी थांबतात.

घर झालं म्हणजे हप्ते आले, देखभाल आली, पगारी कर्मचारी आले. मैदानाची कर्जं आणि संघाचं मानधन एकाच गल्ल्यातून जायला लागलं. नोव्हेंबर २०१५मध्ये चेस्टरफील्डशी एफए कपचा सामना टीव्हीसाठी सोमवारी रात्री ठेवला गेला. क्लबची भूमिका पहिल्यापासून टीव्हीच्या सोयीनं वेळा बदलण्याविरुद्ध. त्यामुळं अनेक समर्थक पूर्वार्ध संपेपर्यंत बाहेर थांबले. प्रक्षेपणाचे पैसे मिळाले, सामना ४-१ गेला. तत्त्व आणि ताळेबंद यांची गाठ त्या रात्री एकाच फाटकावर पडली.

मग सभा तापल्या. माहिती वेळेवर मिळत नाही, मंडळ गुपचूप निर्णय घेतं, प्रश्न विचारणाऱ्याला शत्रू ठरवतात, या तक्रारी. हे वाचताना मला एकेक चेहरा आठवत होता. भाषा इंग्रजी, पण सभा आपलीच. २०१६च्या वसंतात स्थापनेपासून क्लबचा चेहरा असलेले सरव्यवस्थापक अँडी वॉल्श पायउतार झाले आणि त्या उन्हाळ्यात मंडळही बदललं. ऑक्टोबर २०१७मध्ये, बारा वर्षांनंतर, मार्जिनसनही गेले. २०१९ला संघ उतरला, परत सातव्या पायरीवर. २०१९-२०मध्ये चढाईच्या शर्यतीत असताना कोरोनानं हंगामच रद्द केला. २०२२ला युरोपातल्या बिगरव्यावसायिक क्लबांसाठीचा फेनिक्स ट्रॉफी हा नवा चषक रिमिनीला जाऊन जिंकला, हे त्यातल्या त्यात गोड.

माझं मत विचाराल तर चूक घर बांधण्यात नव्हती. भाड्याच्या मैदानावर आयुष्य काढणाऱ्या क्लबाला बारचाही हिशेब आपला म्हणता येत नाही. चूक झाली ती क्रमात. बंड करायला लागणारी माणसं आणि बांधकाम सांभाळायला लागणारी माणसं एकच असतील असं धरून चाललं. आपल्याकडच्या किती कारखान्यांत पहिल्या पिढीचे संस्थापक विस्तारवाढीच्या कर्जात अडकले, ते मोजायला बसलो तर हा लेख संपणार नाही. फरक इतकाच दिसला, की इथं सभासदांनी हिशेब मागितला, मंडळ गेलं, आणि संस्था उभी राहिली. संस्था गुंडाळायला कुणी अवसायक आला नाही.

मॅच संपल्यावर जावई मला बारमध्ये घेऊन गेले. खरकटे ग्लास गोळा करणाऱ्या गृहस्थांना मी विचारलं, तुमचे भाग किती? त्यांनी आकडा सांगितला नाही. “मत एकच आहे,” म्हणाले, आणि माझा ग्लास अर्धा असतानाच उचलून नेला.

परतताना मी गिग लेनचं काय झालं ते विचारलं. घरमालक असलेला बेरी फुटबॉल क्लब खासगी मालकाच्या हाती होता. देणी भागेनात, म्हणून ऑगस्ट २०१९मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगनं त्याला काढून टाकलं. एफसी एक पायरी उतरला त्याच वर्षी. मैदानाला कुलूप लागलं. पुढं समर्थकांनी ते सोडवलं, पण तोवर त्यांच्यात दोन संस्था झाल्या होत्या. एकत्र यायचं तर दोन्हीकडे मतदान हवं. २०२२च्या ऑक्टोबरात पहिल्या मतदानात आवश्यक बहुमत मिळालं नाही. २०२३मध्ये पुन्हा मतपत्रिका काढल्या, तेव्हा मिळालं. त्या वर्षी गिग लेनवर बेरीचा संघ परत धावत आला तो समर्थकांच्या मालकीचा म्हणून, आणि खेळायला लागला तो नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगमध्ये.